येते म्हणून गेलेली गाडी

“आई, ब्रेक...” मग खरखर. मग, “आई, येते.” सून रेडिओवर एवढंच बोलली. मी म्हटलं, “ये.” आणि गाडी आली नाही.

पिटमध्ये आम्ही सगळं तयार ठेवलं होतं. पिट म्हणजे शर्यतीच्या रस्त्याला लागून असलेली दुरुस्तीची जागा. गाडी आत येते, पेट्रोल भरतात, बिघडलं असेल ते बघतात आणि परत सोडतात. शेजारणीने जॅक पुढे ओढला होता. मी पाण्याचा कॅन झाकण काढून धरून उभी होते. समोरून एक निळी गाडी गेली, मग एक पांढरी. मग एक हिरवी, जिच्या टपावर कुणीतरी प्लॅस्टिकची गाय बसवली होती. आमची लाल गाडी त्या गाईच्या पुढे असायला हवी होती. थोड्या वेळाने गाय परत एक फेरी मारून आली. लाल गाडी नाही.

मग लांबच्या वळणापलीकडे काहीतरी पांढरं, धुरासारखं वर चढलं आणि रस्त्याकडेला उभे असलेले मार्शल लोक धोक्याचे पिवळे झेंडे हलवायला लागले.

मी रेडिओचं बटण दाबलं. “अगं, कुठं आहेस?” नुसती खरखर. “अगं, बोल की!” खरखर.

माझा मुलगा शेजारी उभा होता. त्याचा चेहरा उतरला होता. “आई, ती काय म्हणाली नक्की?”

“येते म्हणाली.”

“येते म्हणजे येते, की येते म्हणजे जाते?”

हा प्रश्न इंग्रजाला पडायचा नाही. आपल्यालाच पडतो. आपल्यात घराबाहेर पडणारं माणूस जातो म्हणत नाही, येतो म्हणतं. जातो म्हणणं वाईट. सुनेला हे मीच शिकवलं होतं. आणि विचारणारा हा माझा मुलगा, हाच एका सकाळी दोन बॅगा उचलून “येतो आई” म्हणून दारातून बाहेर पडला होता. तो आला नव्हता.

माझी शाळा चौथीपर्यंत. साताऱ्याकडच्या गावात जन्म गेला. नवरा एसटीत कंडक्टर होता. तो वारल्यावर मुलाने मला साउथहॅम्प्टनला आणलं. तो तिथल्या हॉस्पिटलात डॉक्टर होता. सून लंडनजवळच्या इल्फर्डला जन्मलेली. तिचे आईवडील आपलेच, पण तिचं मराठी तिकडच्या हवेत वाढलेलं. गाडी तिच्या तोंडी कधी ‘तो’, कधी ‘ते’. इंजिन कायम ‘ती’. पहिल्यांदा मी हसायचे. नंतर मला कळलं की चुकत का होईना, ती माझ्यासाठी मराठीत बोलते आहे. मुलगा तर माझ्याशीसुद्धा अर्धं इंग्रजीत बोलायचा. मग हसणं बंद केलं.

मुलाला केंब्रिजला दुसरी नोकरी मिळाली आणि दुसरी बाईही मिळाली. कोणती आधी मिळाली ते मी विचारलं नाही. गेल्यावर त्याचा फोन आला, “आई, महिन्याभरात तुला न्यायला येतो.”

मी म्हटलं, “मला तू या घरात आणलंस. घर तू सोडलंस. मी सोडलेलं नाही.”

“अगं, पण तिचा आणि तुझा आता संबंध काय?”

“ती माझी सून आहे. तू तुझं बघ.”

लोकांना हे पचलं नाही. दिवाळीच्या कार्यक्रमात हॉलवर एका बाईने मला बाजूला घेतलं. “अहो, मुलगा असताना सुनेकडे राहता? बरं दिसतं का?”

मी म्हटलं, “सून सकाळी चहा देते, संध्याकाळी बरोबर जेवते आणि माझ्यावर ओरडत नाही. तुमचा मुलगा यातलं काय करतो?” ती बाई कोथिंबीर वडीच्या ताटाकडे गेली ती परत माझ्याकडे आली नाही. त्यानंतर मला कुणी विचारलं नाही. पाठीमागे बोलायचे, ते बोलू देत. पाठीमागचं मला ऐकू येत नाही.

आता गाडीचं. मुलाने इंग्लंडात आल्यावर घेतलेली पहिली गाडी ती. लाल, छोटी, मागून उघडणारी. नवी मोठी गाडी घेतल्यावर ही घरामागे पडून होती. वर्षाची तपासणी, ती एमओटी, त्यात ती नापास झालेली. मुलगा फोनवर म्हणाला, “भंगारात देऊन टाका.” सुनेने फोन ठेवला आणि पावसात जाऊन गाडीच्या टपावरची पानं काढत बसली. मी खिडकीतून बघत होते. बोलावलं नाही. काही वेळा माणसाला पानं काढू द्यावीत.

कुंपणापलीकडे आमची शेजारीण राहायची. गोरी, धिप्पाड, बसच्या डेपोत फिटर म्हणून उभा जन्म काढून रिटायर झालेली. नवरा नाही, मांजर नाही, तोंडात शिवी सतत. ती कुंपणावरून म्हणाली की अशा कुणाला नको असलेल्या गाड्यांच्या शर्यती होतात. दिवसभर चालतात. हौशी लोक येतात, स्वस्तातली गाडी आणतात, आळीपाळीने चालवतात. सुनेने मला मराठीत सांगितलं, “आई, यात जो फास्ट तोच जिंकतो असं नाही. शेवटपर्यंत कोण चालते ते बघतात.”

हे मला एकदम समजलं. असल्या शर्यतीत मी लहानपणापासून आहे.

“करू या का?” तिने विचारलं.

“मला काय विचारतेस? गाडी तुझ्या नवऱ्याची.”

“तो गेला.”

“मग तुझी.”

हिवाळाभर आम्ही तिघी त्या गाडीला लागलो. सून जीपीच्या सर्जरीत, म्हणजे डॉक्टरच्या दवाखान्यात, रिसेप्शनला होती. ती घरी आली की कामाला सुरुवात. आधी आतलं सगळं काढायचं. मागची सीट, गालिचा, दारांची आतली पुठ्ठ्याची पानं. तळाला डांबरासारखा थर असतो, आवाज येऊ नये म्हणून. तो खरवडून काढायचा, म्हणजे गाडी हलकी होते. शेजारीण छिन्नी घेऊन बसली होती. मी घरातून उलथनं आणलं. कडेला खरपूस लागलेलं पिठलं ज्या हाताने सुटतं त्याच हाताने डांबर सुटतं. साडीवर ते काम होईना. पदर सारखा ग्रीसमध्ये. मग मी मुलाची कपाटात राहिलेली पँट चढवली, पट्टा आवळला. सून बघून म्हणाली, “आई, त्याला फोटो पाठवू?”

“पाठव. पँट शोधत असेल.”

माणसाला वाचवायला आत लोखंडी नळ्यांचा पिंजरा बसवावा लागतो, तो एका वेल्डिंगवाल्याकडून बसवून घेतला. बाकीचं शेजारणीने. भंगारच्या यार्डात जाऊन आमच्यासारख्याच मेलेल्या गाडीचा रेडिएटर काढून आणायचा, कुणाची पंख्याची मोटर, कुणाचा दिवा. समुद्र जवळ आणि हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, त्यामुळे खालचं सगळं गंजलेलं. जिथं बोट लावावं तिथं पापुद्रा निघायचा. ब्रेकच्या तेलाच्या नळ्या पुढच्या दोन्ही बदलल्या. मागची वरून चांगली दिसत होती म्हणून ठेवली.

ब्रेकचं एक काम मात्र माझं होतं. नळीत हवा शिरली की ब्रेक पोकळ होतात. ती हवा काढायला एकाने गाडीखाली चाकाशी बसून बोल्ट सैल करायचा आणि दुसऱ्याने आत बसून पॅडल दाबायचं, सोडायचं, सांगेल तसं. माझी बोटं संधिवाताने वाकडी झालेली, पाना धरवत नाही. पण पाय शाबूत. मी ड्रायव्हरच्या सीटवर बसायचे आणि शेजारीण खालून ओरडायची. पहिल्यांदा ती इंग्रजीत ओरडली ते मला कळलं नाही आणि तेल तिच्या तोंडावर उडालं. मग तिने सुनेकडून दोन शब्द शिकून घेतले. दाब. सोड. तिचं सगळं मराठी एवढंच. पण उच्चार आमच्या सुनेपेक्षा बरा होता.

तिला वाटायचं माझं नाव आई आहे. सून सारखी “आई, आई” करायची ना. शर्यतीच्या मैदानावरही तेच झालं. दाढीवाले, पोट सुटलेले, अंगभर ग्रीस लागलेले बाप्ये मला “मॉर्निंग, आई” म्हणायचे. मी कुणाला दुरुस्त केलं नाही. एवढी पोरं बसल्याजागी मिळत असतील तर कोण नको म्हणेल?

पहिल्या शर्यतीत आमची गाडी अर्ध्यात उकळली. दुसऱ्या शर्यतीत क्लच गेला आणि सुनेसकट गाडी दोर बांधून ओढत आणली. त्या वेळी आणखी एक झालं. आमचे रेडिओ स्वस्तातले. शेजारच्या पिटमधल्यांचेही तेच. आमचं बोलणं त्यांना ऐकू जायचं. आमचं पेट्रोल संपत आलंय हे आमच्याआधी त्यांना कळायचं आणि ते हसायचे. सून चिडली. म्हणाली, “आई, आता रेडिओवर तुम्ही बसा. आपण मराठीत बोलू. बघू कुणाला काय समजतो.” तेव्हापासून रेडिओ माझ्याकडे. ती सांगायची, मी शेजारणीला माझ्या तुटक्या इंग्रजीत सांगायचे. वॉटर हॉट. पेट्रोल लिटल. तेवढं इंग्रजी पुरतं.

आणि गाडी घेऊन निघताना प्रत्येक वेळी, हेल्मेट घातल्यावर, ती म्हणायची, “आई, येते.” मी म्हणायचे, “ये.” पहिल्या दिवशी ती “जाते” म्हणाली होती, तेव्हा मी तिला थांबवलं होतं. “जाते म्हणू नये गं. येते म्हण.”

“पण मी जाते आहे.”

“तरी येते म्हणायचं.”

“हे लॉजिकल नाही, आई.”

“नसू दे. म्हण.”

दुसऱ्या शर्यतीनंतर मुलाचा फोन आला. कुणीतरी त्याला सांगितलं होतं. “आई, तुम्ही दोघींनी चालवलंय काय? तू त्या मैदानावर थंडीत दिवसभर उभी राहतेस? तुझं बीपी? लोक मला विचारतात. बास झालं. मी येऊन तुला घेऊन जातो.”

मला राग आला. वयाचा, बीपीचा नाही. लोक विचारतात, याचा. म्हटलं, “ऐक. पुढच्या शर्यतीला स्वतः ये. गाडी शेवटच्या झेंड्यापर्यंत चालली तर मी इथेच राहीन, आणि न्यायचं नाव पुन्हा काढायचं नाही. नाही चालली तर त्याच संध्याकाळी तुझ्या गाडीत बसते.”

“आई, हे काय पोरखेळासारखं?”

“घाबरलास?”

 मग म्हणाला, “ठीक आहे. येतो.”

सुनेला सांगितलं तेव्हा तिच्या हातात भांडं होतं. ते तिने सिंकमध्ये जरा जोरात ठेवलं. “आई, तुम्ही मला विचारलं नाही.”

“तुमच्या लग्नाचं तुम्ही मला विचारलं होतं?”

ती बाहेर गेली आणि अंधार पडेपर्यंत गाडीचं बॉनेट उघडून बसली. कुंपणापाशी शेजारणीला इंग्रजीत काहीतरी सांगत होती. मला शब्द कळले नाहीत. पण शेजारणीने मान वळवून माझ्याकडे बघितलं, शिवी दिली आणि आपली हत्यारांची पेटी घेऊन आली. तेवढं मला पुरेसं होतं.

शर्यतीच्या दिवशी मुलगा आला. स्वच्छ बूट, घडीची खुर्ची, थर्मास. मला खुर्चीत बसवायला बघत होता. मी बसले नाही. सून हेल्मेट पुसत होती. दोघं बऱ्याच दिवसांनी समोरासमोर.

“कशी आहेस?” त्याने विचारलं.

“गाडी चांगला आहे,” ती म्हणाली.

ते मैदान म्हणजे जुना विमानतळ. सपाट, झाड नाही, वारा थेट हाडात. शेजारीण आणि सून आळीपाळीने चालवत होत्या. गाडी वेगात नव्हती, पण चालत होती. नव्या मोटारींसारखी दिसणारी दोन-तीन धुडं दुपारपर्यंत बाजूला पडली. आमची लाल गाडी गाईच्या मागे-पुढे, मागे-पुढे. मुलगा घड्याळ बघायचा, माझ्याकडे बघायचा. मी त्याला एक लाडू दिला. तोंड चालू असलं की बोलत नाही.

दुपार कलल्यावर सून शेवटच्या पाळीला बसली. “आई, येते.” “ये.” आणि गेली. पुष्कळ फेऱ्या नीट झाल्या. मग ते “आई, ब्रेक...” आणि ती खरखर, आणि “आई, येते.”

मी सुरुवातीला सांगितलं ते इथे बसतं. आम्ही जॅक घेऊन उभ्या आणि गाडी नाही.

शेजारणीने माझा दंड धरला. “आई, व्हॉट डिड शी से?”

“कमिंग,” मी म्हटलं.

“मग कुठाय?” हे तिने तिच्या भाषेत, शिवी घालून विचारलं.

मुलगा पळाला. खरंच पळाला, ते स्वच्छ बूट घालून, रस्त्याच्या कठड्याकडे. मार्शलने अडवलं. “आय ॲम अ डॉक्टर,” तो ओरडला. मार्शलने तरी सोडलं नाही. तिथं गाड्या धावतात, डॉक्टरलाही चिरडतात. तो परत आला. 

“आई, तू तिला थांबवायला हवं होतंस.”

“तूही थांबायला हवं होतंस,” मी म्हटलं. हे बोलायची ती वेळ नव्हती. तरी बोलले. 

पांढरं वर चढत होतं तसं विरत गेलं. काळं झालं नाही. शेजारीण म्हणाली, वाफ आहे, वाफ. आग काळी असते. हे तिने मला सांगितलं की स्वतःला, कुणास ठाऊक. मी पाण्याचा कॅन तसाच धरून होते. रेडिओत कुणीतरी दुसऱ्याच गाडीतलं पेट्रोलबद्दल बोलत होतं. त्या सबंध वेळात माझ्या डोक्यात एकच होतं. मी तिला “ये” म्हटलं. निघणाऱ्याला म्हणतात ते ये, की येणाऱ्याला म्हणतात ते? माझं मला सांगता येईना.

मग पिवळे झेंडे हलत असताना एक ट्रक हळू आला, मागे दोर, दोराला आमची लाल गाडी. पुढचा बंपर नाही. चाकांच्या खोबणीत खडी गच्च भरलेली. आणि आत, पिंजऱ्यात, स्टिअरिंग धरून सून. चेहरा धुळीने पांढरा. वर चढलं होतं ते हेच, वाफ नव्हे, खडीची धूळ.

ती स्वतःच्या पायाने उतरली.

मी तिला मिठी मारली नाही. आमच्यात ती पद्धत नाही. कॅन खाली ठेवला आणि म्हटलं, “येते म्हणालीस आणि आली नाहीस.”

ती माझ्याकडे बघत राहिली. मग ओरडली, “तुम्हीच सांगितलं ना, जाते म्हणायचं नाही!”

“म्हणजे?”

“ब्रेक गेली, आई. पूर्ण. पॅडल एकदम खाली. पिटमध्ये कसं येणार? तुम्ही सगळे तिथे उभे. समोर ते दगडवाला खड्डा होता, थांबायला ठेवतात ना, त्यात सरळ जात होते मी. जाते, असं सांगायचं होतं. पण जाते कसं म्हणू? म्हणून येते म्हटलं. आणि तुम्ही ये म्हटलं, मग मी गेले.”

शेजारणीला कळेना आम्ही काय बोलतोय. सुनेने तिला इंग्रजीत सांगितलं. ऐकल्यावर ती जॅकवरच बसली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मुलगा हसला नाही. तो पाठ वळवून उभा राहिला. येते म्हणजे काय आणि जाते म्हणजे काय, हे त्याला कुणी समजावून द्यायची गरज नव्हती.

मैदानावरच्या डॉक्टरांनी तिला तपासलं. मग मुलानेही तपासलं. मान, डोळे, बरगड्या. तिने तपासू दिलं. पट्ट्याचा वळ खांद्यावर उठला होता, बाकी काही नाही.

“संपलं, आई,” तो म्हणाला. आवाज हळू होता, टोचून बोलला नाही. “चल आता.”

“शेवटचा झेंडा पडला का?”

“नाही. पण गाडी...”

“झेंडा पडला का?”

“नाही.”

“मग बाजूला हो. उजेड अडतो.”

शेजारीण आधीच गाडीखाली शिरली होती. मागची नळी फुटली होती. वरून चांगली दिसत होती तीच. नळी धरून ठेवणाऱ्या पकडीच्या खाली, जिथं दिसत नाही तिथं, गंजून कागद झालेली. आमच्याकडे नळी नव्हती. ती गाईवाली माणसं आली. आमच्यापुढे जाण्यासाठी दिवसभर जीव काढत होती तीच. त्यांनी तांब्याची नळी आणि तिचं तोंड वळवायचं हत्यार आणून दिलं, आणि एक जण म्हणाला, “देअर यू आर, आई.” असल्या शर्यतीत असंच असतं. जो बंद पडला त्याला मागे टाकण्यात कुणाला मजा येत नाही.

नळी बसली. आता हवा काढायची. मी गाडीत शिरले. पिंजऱ्याच्या नळ्यांमधून शिरताना गुडघा कुरकुरला. त्याला म्हटलं, नंतर बोल. सीटवर खडी होती. सुनेच्या घामाने स्टिअरिंग ओलं होतं.

“दाब!” खालून.

मी दाबलं.

“सोड!”

सोडलं.

ब्रेकचं तेल वरून ओतत राहावं लागतं, नाहीतर परत हवा शिरते. ते काम सुनेचं, पण ती चाकांच्या खोबणीतली खडी उकरत बसली होती. शेजारणीने गाडीखालून हात काढला, तेलाची बाटली मुलाच्या पोटावर आपटली आणि म्हणाली, “तू. उपयोगाला ये.” इंग्रजीत म्हणाली, पण मला पुरतं समजलं. तो बाटली घेऊन उभा राहिला. समोरच्या काचेतून मला दिसत होता. बॉनेटखाली वाकून, जपून, सलाईन लावावं तसा थेंब थेंब ओतत होता. आपलीच पैज हरायला मदत करत होता. त्याला ते कळत नसेल असं नाही. तरी एक थेंब सांडला नाही त्याने. तेवढं मी त्याच्या बाजूने लिहून ठेवते.

“दाब!” “सोड!” “दाब!” पायाखाली पॅडल हळूहळू घट्ट झालं. खालून शिवी आली, चांगली शिवी, आणि शेजारीण बाहेर आली.

मैदानाच्या तपासनिसाने ब्रेक बघितले, पिंजरा बघितला, लोंबणारा पत्रा कापून टाकायला लावला आणि मान हलवली. शेजारीण हेल्मेट घ्यायला गेली. सुनेने ते घट्ट धरलं.

“मी चालवते.”

मुलगा काहीतरी बोलायला गेला. मी नुसतं बघितलं. तो मागे सरकला.

सून गाडीत बसली, पट्टे आवळले. मग माझ्याकडे बघून तोंड उघडलं आणि थांबली. काय म्हणावं तिला कळेना.

“नीट म्हण,” मी म्हटलं. “या खेपेला घोळ नको.”

“येते,” ती म्हणाली. “म्हणजे परत येते.”

“ये.”

त्यानंतर तिने प्रत्येक फेरीला रेडिओवर एकच शब्द म्हटला. “आहे.” मी म्हणायचे, “बरं.” बाकी काही बोललो नाही. आहे. बरं. आहे. बरं. शेजारच्या पिटमधल्या एका पोरीने विचारलं, हा काय कोड आहे? मी म्हटलं, “सिक्रेट.”

शेवटचा झेंडा पडला तेव्हा आमची गाडी झेंड्याखालून गेली. स्वतःच्या इंजिनावर, बंपर नसलेली, एक दिवा लोंबत. आमच्या मागे एकच गाडी होती आणि तिचा सायलेन्सर रस्त्यावर घासत होता. गाईवाले आमच्या पुढे आले. त्यांची नळी होती, त्यांना पुढे येऊ दे.

मुलाने खुर्ची घडी केली. थर्मास उचलला. मला वाटलं वाद घालेल. घातला नाही.

“हरलास,” मी म्हटलं.

“हो.” मग म्हणाला, “तुला काही झालं तर, आई?”

“ही बाई ब्रेक गेल्यावर खड्डा शोधते आणि आधी मला कळवते. आणखी काय पाहिजे?”

त्याने सुनेकडे बघितलं. ती बॉनेट उघडून आत डोकं घालून बसली होती. मुद्दाम. तो वाकला, माझ्या पाया पडला, सगळ्या मैदानासमोर. दाढीवाले बघत राहिले.

“येतो, आई.”

“ये. पण फोन करून ये. जेवायला ये. न्यायला येऊ नको.”

तो अधूनमधून येतो. फोन करून येतो.

शेजारीण पुढे काही वर्षांनी गेली, आजाराने, हॉस्पिटलच्या बिछान्यात. शेवटी माझा हात हातात होता तेव्हा तिने दाबला, मग सोडला. शब्द नव्हते राहिले. तिची हत्यारांची पेटी आमच्याकडे आहे. गाडीचा गिअरबॉक्स एकदा बदलला, इंजिन एकदा. ती घरामागे असते आणि चावी फिरवली की सुरू होते. अजून त्या शर्यतीची गोष्ट निघाली की लोक विचारतात, त्या दिवशी काय झालं नक्की?

काही नाही झालं. ब्रेक गेले. सून जगली, शेजारीण जगली, मी जगले, आणि संध्याकाळी तिघी त्याच घरी परत आलो.